पट्ट्याला वंगण

आमच्या विहिरीवर माझी सवत बसलीय, असं मी शाळेतल्या बायांना सांगायचे. त्या आधी दचकायच्या आणि मग "कसली हो सवत?" म्हणत खुर्ची जवळ ओढायच्या. लोखंडाची, मी म्हणायचे. गुडघ्याएवढी उंच, वजनाला लय भारी, आणि आमचे हे दर पौर्णिमेला तिला अंघोळ घालतात. मला कधी साधं पाणी तापवून दिलं नाही या माणसानं.

तिचं खरं नाव विंडलास. शिडाच्या बोटीच्या नाकावर ते बसवतात, नांगर पाण्यात सोडायला आणि परत वर घ्यायला. एका अंगाला दात्यांचं चाक, साखळीसाठी. दुसऱ्या अंगाला गुळगुळीत चाक, मध्ये बारीक, दोरासाठी. मधल्या खाचेत हातभर दांडा बसवायचा आणि पुढं-मागं हलवायचा. प्रत्येक हालचालीला आत खटका पडतो, म्हणजे वर आलेलं वजन परत खाली जात नाही. खाली सोडायचं असेल तेव्हा खटका उचलायचा आणि ब्रेकचा पट्टा हळूहळू ढिला करायचा. झालं यंत्र.

आता हे यंत्र परभणी जिल्ह्यात काय करतंय, असं कुणीही विचारेल. झरीच्या पुढं जिंतूरच्या रस्त्यावर उतरून दीड किलोमीटर आत चाललं की आमचं रान लागतं. समुद्र कुठंय म्हणून विचारलं तर आमच्याकडची माणसं आभाळाकडं बघतील. पण आमचे हे आयटीआयचे फिटर. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कोकणात बोटी दुरुस्त करायच्या शेडवर कामाला लागले. तिथून एका म्हाताऱ्या डॉक्टर जोडप्याच्या शिडाच्या बोटीवर गेले, ते तिथलेच झाले. माझी नोकरी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर्षातून दोनदा यायचे, पंधरा दिवस राहायचे, घरातले सगळे नळ, बिजागऱ्या, पंखे ठीक करून जायचे. आणि गंमत ऐका, या माणसाला पोहता येत नाही! अख्खी जवानी समुद्रावर काढली, पण कमरेच्या वर पाणी आलं की गडी पांढराफटक. मी वालूरकडची, नदीकाठची. पाठीला रिकामा डबा बांधून पोरींनी पोहायला शिकायचं ही आमच्या आळीची रीतच होती.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस त्या बोटीवर राहिले. तिथं मला कळलं की माझा नवरा घरी गप्प का असतो. त्याचं सगळं बोलणं तिथं, नाकावर, त्या यंत्रापाशी होतं. मला शेजारी बसवून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. विंडलासनं बोट ओढायची नसते. मागं सुकाणूवर डॉक्टर बसायचे. साखळी कुठल्या अंगाला ताणलीय ते हे हातानं दाखवायचे, आणि डॉक्टर इंजिन सावकाश चालवून बोट तिकडं न्यायचे. साखळी ढिली पडली की मगच दांडा हलवायचा. "त्याला ओढायला लावायचं न्हाई, ढिलं पडलेलं गोळा करायला लावायचं," ते म्हणाले. नांगर एकदा धरला की साखळीत आकडा अडकवून सगळा भार खुंट्यावर घ्यायचा, रात्रभर यंत्रावर ठेवायचा नाही. साखळीवर दर पाच मीटरला लाल रंगाचा पट्टा मारलेला होता, किती बाहेर गेली ते कळायला. आणि एक गोष्ट त्यांनी माझं मनगट धरून सांगितली. साखळी पळायला लागली तर हात घालायचा नाही. नांगर गेला तर गेला.

मग मला दांडा दिला. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी बाई मी, वीस हेलकाव्यांत जीभ बाहेर आली. साखळीबरोबर काळा कुळकुळीत चिखल वर आला, माझ्या नव्या साडीवर उडाला, आणि हे हसले. असे मोकळे हसताना मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तेव्हाच मी त्या यंत्राला सवत म्हणायला लागले.

तीन वर्षांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. मी गेले, त्यांना घेऊन आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, दांडा सटकला, यंत्रानं दगा दिला. डॉक्टर जोडप्यानं दवाखान्याचं सगळं केलं, लय माया केली. नंतर बोटीवर विजेवर चालणारं नवं विंडलास बसवलं आणि जुनं यांना देऊन टाकलं. एका मालाच्या टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून ते आमच्या दारात उतरलं. ज्यानं बोटं खाल्ली ते घरात कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी गोणपाट सोडून त्याच्यावरून नीट हात फिरवला, तो उजवा हात, आणि मी गिळलं.

विहिरीवर दोन लोखंडी गर्डर टाकून त्यांनी ते बसवून घेतलं. आमची मोटार पाण्यातली, साखळीनं टांगलेली. उन्हाळ्यात पाणी खाली जाईल तशी ती खाली सोडावी लागते आणि पाऊसकाळात वर घ्यावी लागते. त्याला हे यंत्र अगदी बरोबर. गाव बघायला आलं. कुणी रहाट म्हणालं, कुणी उसाचा चरक म्हणालं.

पण एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली. हे त्या यंत्राची सगळी सेवा करत. पौर्णिमेला विहारातून आलं की पांढरे कपडे बदलून थेट विहिरीवर. आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, खारं पाणी लागलेलं असतं म्हणून. "अहो, इथं कुठलं खारं पाणी?" मी म्हणायचे. "राहू दे गं," ते म्हणायचे. मग नट खोलायचे, जुनं ग्रीस पुसायचं, नवं भरायचं, खटक्याला तेलाचे दोन थेंब सोडायचे. सगळं उजव्या हातानं, डाव्या हाताच्या तीन बोटांचा नुसता आधार. पण वजन असताना दांड्याला त्यांनी कधी हात लावला नाही. मोटार हलवायची वेळ आली की शेजारच्या रानातल्या भाऊजींना हाक मारायचे आणि स्वतः तीन पावलं लांब उभं राहून सांगायचे, आता उचला, आता थांबा.

नुसतं यंत्रापुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण हळूहळू सगळ्यातच तसं व्हायला लागलं. लोक पंप, ऑइल इंजिन घेऊन यायचे, दादा जरा बघा म्हणायचे. हे डावा हात खिशात घालायचे आणि म्हणायचे, "माझ्यानं न्हाई होत आता. मी कामाचा न्हाई राहिलो." फिटर माणूस दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचा. मला बाकी काही नको होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, वजन असलेल्या दांड्याला हात घालावा, एवढंच हवं होतं. मी समजावलं, भांडले, दोन दिवस अबोला धरला. शाळेत मी हात वर केला की वर्ग चिडीचूप होतो, पण घरात माझं काय चालतंय!

यंदा चैत्र पौर्णिमेला ते हात दाखवायला परभणीला गेले होते. मी म्हटलं, चला, आज सवतीची सेवा आपण करू. संध्याकाळी आले की चकित होतील. सगळं पाठ होतं मला. धुतलं, खोललं, ग्रीस भरलं. मग ब्रेकचा पट्टा दिसला. कोरडा ठणठणीत! एवढी सेवा करतात आणि हाच बिचारा राहिला, असं मला वाटलं. माझ्या वडिलांची बैलगाडी होती. बाजारच्या दिवशी गाडी जुंपायच्या आधी ते चाकाच्या आखाला वंगण घालायचे आणि मी डबा धरायचे. कोरडं चाक दिसलं की माझा हात आपोआप वंगणाकडं जातो. मी त्या पट्ट्याला आतून बाहेरून मस्त वंगण चोपडलं, फिरवून बघितलं, लोण्यासारखं फिरलं. स्वतःवरच खूष झाले.

संध्याकाळी मी सांगितलं, झाली तुमची पौर्णिमा. त्यांनी नुसतं बघितलं आणि "बरं केलंस" म्हणाले. आत काय केलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी पाणी एवढं खाली गेलं की मोटार उघडी पडायला आली. भाऊजी जिंतूरला गेले होते. मी म्हटलं, मी आहे की, सांगा तुमी. त्यांनी स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले. मी दांड्यानं मोटार वीतभर उचलली, आकड्यातून साखळी सोडवली, खटका वर केला आणि ब्रेक अगदी जरासा ढिला केला.

ब्रेक धरलाच नाही. चाक सुटलं. साखळी असा आवाज करत पळायला लागली की मला काही सुचेना. मी ब्रेक आवळायला गेले, तरी चाक गरागरा मोकळंच फिरायलं होतं. आणि मी वेड्यासारखी दोन्ही हात पुढं करून साखळी धरायला धावले.

त्यांनी मला मागून दंडाला धरून असं ओढलं की मी ढेकळांत जाऊन बसले. मोटार धाडकन पाण्यात गेली. साखळीचं शेवटचं टोक दोरानं गर्डरला बांधलेलं होतं, तो दोरही हिसक्यानं तुटला आणि साखळीसुद्धा मोटारीच्या मागं गेली. हे माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघायले होते, एकेक बोट मोजल्यासारखं.

"जळलं मेलं ते यंत्र!" मी ओरडले. खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं. हाताला वंगण लागलं होतं, ब्रेक आवळताना. पण मी पदराला हात पुसले आणि यंत्रालाच शिव्या घातल्या.

त्या दिवसापासून ते आणखीच बसले. पट्टा झिजला असणार, म्हणाले. मीच बघायला पाहिजे होता, मला आता झिजलेलंसुद्धा कळत न्हाई, आज तुझे हात गेले असते. यंत्र उघडून बघायलासुद्धा ते गेले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, मोटार निघाली की ते भंगारात देऊन टाकू. मी सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. बत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि मला एक वाक्य बोलायला होईना. लाज वाटत होती, दुसरं काय!

मोटार काढायला पाण्यात कुणीतरी उतरायला हवं होतं. पाणी दीड पुरुष. यांना पोहता येत नाही, भाऊजींना गुडघ्याचं दुखणं. मी पंजाबी ड्रेस चढवला, ओढणी कमरेला आवळली आणि म्हटलं, मी जाते. हे नको नको म्हणायले, पण पिकाचं पाणी तुटलं होतं. मला ओढायचं होतं त्याच यंत्रानं, म्हणून त्यांनी आधी ते उघडून पेट्रोलनं पट्टा पुसला, पण तोवर मी विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्या उतरायला लागले होते, त्यामुळं त्यांचं तोंड मला दिसलं नाही. खालच्या सहा-सात कड्या गंजून गेल्या आहेत. उतरताना पाण्यात उडी टाकता येते, पण चढताना वर ओढल्याशिवाय इलाज नाही. म्हणून माझ्या कमरेला दोर बांधला होता, आणि त्या दोराचे यंत्राच्या गुळगुळीत चाकाला तीन वेढे. ठरलं असं की भाऊजींनी दांडा मारायचा, यांनी सुटं टोक धरायचं.

भर दुपार होती, ऊन तळापर्यंत उतरलं होतं. दुसरा एक दोर हातात घेऊन मी तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला साखळी हाताला लागली. तिच्या टोकाच्या कडीत दोर ओवून गाठ मारली आणि वर येऊन दगडाच्या खाचेला धरून दम खात राहिले. वर फक्त दोन डोकी दिसत होती, काळी, उन्हामुळं तोंडं दिसत नव्हती. मला एकदम धीर आला.

"अहो!" मी ओरडले. "पट्टा झिजला न्हवता. मी त्याला वंगण लावलं होतं!"

विहिरीनं ते वाक्य दोनदा म्हटलं. भाऊजींचं डोकं हसून हसून कठड्यामागं दिसेनासं झालं. "वहिनी, ब्रेकला वंगण!" एवढंच ऐकू येत होतं. मग हे म्हणाले, "व्हय. आता पुसताना दिसलं."

"मग बोला की मला! दोन दिवस तुमी स्वतःला खायलाव आणि मी गप बसले!"

"मी तुला काय बोलू?" ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण विहिरीत सगळं स्पष्ट येत होतं. "दांडा सटकला न्हवता. यंत्रानं काय दगा दिला न्हाई. मीच ब्रेक नीट आवळला न्हवता. साखळी पळाली आणि मी धरायला गेलो. डॉक्टर मागून वरडत होते, सोड, सोड म्हणून. सगळ्यांना शिकवणारा मी, आणि मीच हात घातला. हे कुठल्या तोंडानं सांगू तुला? दोन वर्षं त्या मुक्या लोखंडावर आळ घातला."

मी पाण्यात होते, खाचेला लोंबकळत. पायाखाली काही नव्हतं, दात वाजायला लागले होते, आणि तरी मला असं वाटलं की हा माणूस आज कुठं बोटीवरून घरी आला. इतके दिवस आलाच नव्हता. मला रडू फुटलं. चांगलं झालं पाण्यात होते, कुणाला दिसलं नाही.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "मी काय तुमचे डॉक्टर हाय का?"

"तूबी कुठं सांगितलंस?"

वर भाऊजींचं खाकरणं ऐकू आलं. "दादा, सरका, वहिनी गारठल्या असतील. मी मारतो दांडा, तुमी दोर धरा."

"न्हाई," हे म्हणाले. "दोर तुमी धरा. माझं माणूस हाय ते. मी ओढतो."

मी खालून बघत राहिले. दोर ताठ झाला, ओढणीवर गच्च बसला, आणि पहिला खटका पडला. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, झालं, सोडलं त्यांनी. मी हाक मारणार तेवढ्यात दुसरा पडला. तिसरा. मी हातभर वर उचलली गेले, पाण्यातून पाय बाहेर आले. भिंतीला पाय टेकत, दगडांवरून घसरत, एकेक खटक्याला वीतभर वर. वरून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, फाटलेला. मध्येच ते म्हणायचे, "हाईस ना?" आणि मी म्हणायचे, "हाय." धड कड्यांपर्यंत आल्यावर मी चढून गेले असते. मी चढले नाही. मुद्दाम अंग जड करून लोंबकळत राहिले, म्हटलं ओढू दे.

कठड्याशी आले तेव्हा ते गुडघ्यांवर होते, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, डाव्या हाताची तीन बोटं पांढरी पडलेली. भाऊजींनी मला दंडाला धरून वर घेतलं. यांनी दांडा सोडून दोर पकडला, माझ्या कमरेपासून हातभर अंतरावर, त्या तीन बोटांच्या हातानं. मी जमिनीवर नीट उभी राहिले, केस पिळले, कमरेच्या दोराची गाठ सोडायला गेले. गाठ सुटेना, कारण दोर अजून ताणलेला होता.

"अहो, आले मी वर," मी म्हटलं. "सोडा आता."

"थांब जरा," ते म्हणाले, आणि दोर तसाच धरून राहिले.